प्रेग्नन्सीत वाईनचा एखादा ग्लास चालतो का? आणि कळायच्या आधी घेतली गेली असेल तर?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. विचारणारी नाशकात कॉलेज रोडला राहते, पहिलटकरीण आहे, शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सव्वासहा आठवडे झालेत. अडीच आठवड्यांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपबरोबर गंगापूर डॅमच्या बाजूच्या एका वायनरीत गेली होती, टेस्टिंग आणि नंतरचं जेवण धरून तीनेक ग्लास वाईन झाली, तेव्हा पाळी चुकलेलीसुद्धा नव्हती. आता टेस्ट पॉझिटिव्ह आलीये आणि तेव्हापासून झोप उडालीये. एक मैत्रीण म्हणते रिस्क नको, पाडून टाक. लंडनची नणंद म्हणते तिकडे तीन महिन्यांनंतर एखादा ग्लास सगळ्याच घेतात. आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण वायनरीतच करायचं घरात ठरतंय, तेव्हा एक घोट चालेल का. शिवाय डिलिव्हरीनंतर, बाळाला पाजत असताना घेतली तर काय, हेही विचारलंय.

अगं, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मी गेली बरीच वर्षं नाशकात डिलिव्हरी करतेय आणि हा प्रश्न आता वरचेवर येतो, फक्त बहुतेक जणी तो दार लावून, खालच्या आवाजात विचारतात. तू उघड विचारलास ते फार बरं केलंस.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाडायचं वगैरे डोक्यातून काढून टाक. पाळी चुकायच्या आधी एकदा वाईन घेतली गेली हे गर्भपाताचं कारण होत नाही, मी तर नाहीच सांगणार आणि कुठलाही जबाबदार स्त्रीरोगतज्ज्ञ एवढ्यावरून तसा सल्ला देणार नाही. अशाच भीतीपोटी मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच घेऊन नंतर ब्लीडिंग होत आमच्याकडे आलेल्या मुली मी बघितल्यात, त्यांच्या पोटातल्या बाळाला कदाचित काहीही झालेलं नव्हतं. तेव्हा ती मैत्रीण कितीही जवळची असली तरी हा सल्ला ऐकायचा नाही.

आता तुझा हिशोब मांडू. आम्ही डॉक्टर लोक आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, पण गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे तू वायनरीत गेलीस तेव्हा गर्भ राहून जेमतेम बारा-तेरा दिवस झाले असतील. त्या वेळी तो पेशींचा बारीकसा पुंजका गर्भाशयाच्या अस्तरात नुकताच रुजत असतो, आईच्या रक्ताशी त्याची पक्की जोडणी व्हायची असते, हृदय, मेंदू, हातपाय यातलं काहीच बनायला लागलेलं नसतं. या टप्प्यावर मोठा धक्का बसला तर बहुतेक वेळा गर्भ टिकतच नाही, पाळी थोडी उशिरा येऊन जाते आणि बाईला कळतही नाही, आणि टिकला तर सहसा तो नीट पुढे जातो. हा काही दगडावरचा नियम नाहीये, कुणी तुला शंभर टक्के गॅरंटी देत असेल तर तीही खोटीच, पण तुझ्या केसमध्ये काळजीचं कारण फार कमी आहे हे मी मनापासून सांगते. तेव्हापासून एक थेंब घेतलेला नाहीस असं लिहिलंयस, तेच सगळ्यात मोठं काम झालं. फोलिक ॲसिडची गोळी चालू नसेल तर आजच सुरू कर, ४०० मायक्रोग्रॅमची रोज एक, कारण दारूमुळे शरीरात फोलेटचा वापर बिघडतो आणि बाळाच्या मणक्याची नळी बंद व्हायचा काळ याच सुमाराचा असतो, गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांच्या आत ते काम उरकतं. आणि तुझ्या डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांग, लपवू नकोस.

आता इथून पुढचं. इथे मात्र मी अजिबात ढील देणार नाही. दिवस गेल्याचं कळलं त्या मिनिटापासून डिलिव्हरीपर्यंत दारू शून्य. वाईन असो, बिअर असो, ब्रीझर असो, पहिला महिना असो की नववा. का ते नीट सांगते, कारण नुसतं "नाही" म्हटलं की माणूस पळवाट शोधतो.

दारूचा रेणू इतका लहान असतो आणि पाण्यात इतका सहज मिसळतो की वार, म्हणजे प्लासेंटा, त्याला अडवूच शकत नाही. पुष्कळ जणींना वाटतं वार म्हणजे गाळणी आहे, घाण बाहेर ठेवते आणि चांगलं तेवढं आत सोडते. दारूच्या बाबतीत तसं काही होत नाही. तू ग्लास घेतलास की तासाभरात बाळाच्या रक्तात जवळजवळ तुझ्याच रक्ताइतकी दारू असते. तुझं लिव्हर निदान ती फोडून बाहेर काढायला लागतं, बाळाच्या लिव्हरमध्ये ती फोडणारं एन्झाइम नगण्य असतं, त्यामुळे त्याच्या अंगातली दारू परत वारेतून तुझ्याकडे येऊन तुझ्या लिव्हरने निपटायची वाट बघावी लागते. त्यात गर्भजलातही दारू उतरते, बाळ ते पाणी गिळतं, लघवीवाटे परत त्याच पाण्यात सोडतं, परत गिळतं. म्हणजे तुझी चढलेली उतरून गेली तरी आत ती अजून फिरतच असते. लिंबूपाणी प्यायलं, कॉफी घेतली, भरपेट जेवलं, याने यात काडीचा फरक पडत नाही, फार तर चढायला वेळ लागतो.

आपल्या नाशकात अजून एक समज पक्का बसलाय की वाईन म्हणजे काही दारू नव्हे, ती द्राक्षाची, रक्त वाढवते, हार्टला चांगली. सुला वायनरी १९९९ साली सुरू झाली, मग एकेक करत गंगापूर रोड, दिंडोरी, सगळीकडे वायनऱ्या झाल्या, शेतकऱ्याच्या द्राक्षाला चार पैसे मिळाले, बाहेरून पाहुणे आले की आपणही अभिमानाने तिकडे घेऊन जातो. याबद्दल माझी काही तक्रार नाहीये. पण बाळाला द्राक्ष आणि ऊस कळत नाही, त्याच्यापर्यंत पोचतं ते अल्कोहोल आणि ते सगळीकडे एकच. १५० मिलीचा वाईनचा ग्लास, बारा टक्क्यांची धर, म्हणजे साधारण १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ३० मिलीचा व्हिस्कीचा छोटा पेग साधारण १० ग्रॅम. म्हणजे जी बाई "मी व्हिस्कीला हात नाही लावत, फक्त वाईन घेते" म्हणते तिच्या एका ग्लासात छोट्या पेगपेक्षा जास्त अल्कोहोल जातं. आणि ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली, आठ टक्केवाली, ती तर ४० ग्रॅमच्या घरात जाते, चार छोटे पेग! बिअर हलकी असते म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करून बघावा. रक्त वाढतं हे तर साफ खोटं आहे, हिमोग्लोबिन लोहाच्या गोळीने वाढतं, वाईनच्या रंगाने नाही.

वाईन निरुपद्रवी असते असं ज्यांना वाटतं त्यांना मी दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण देते. तिथे वेस्टर्न केप म्हणून भाग आहे, आपल्यासारखाच द्राक्षाचा आणि वायनऱ्यांचा. तिथल्या मळ्यांवर पूर्वी मजुरांना मजुरीचा काही भाग वाईनच्या रूपात द्यायची पद्धत होती, तिला डॉप म्हणायचे. पुढे कायद्याने ती बंद झाली पण पिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आज दारूमुळे गर्भातच नुकसान झालेल्या मुलांचं जगात नोंदलं गेलेलं सगळ्यात जास्त प्रमाण ज्या भागांमध्ये आहे त्यात हा भाग येतो. आपल्याकडे मजुरी वाईनमध्ये देत नाहीत, तशी तुलना मी करतच नाहीये, पण द्राक्षाची आहे म्हणून बाळाला सोडून देते असं होत नाही एवढं त्यावरून दिसतं.

आता "आमच्या आजीला तर डॉक्टरच ब्रँडी द्यायला सांगायचे" असं म्हणणारे भेटतात. खरंय, सांगत असतील. १९६० आणि ७० च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या चांगल्या हॉस्पिटलांमध्ये वेळेआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवायला बाईला चक्क अल्कोहोलचं सलाईन लावायचे, ती तेव्हाची मान्य ट्रीटमेंट होती. कारण तोपर्यंत हे नुकसान कुणी जोडूनच बघितलं नव्हतं. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोइन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांबद्दल लिहिलं, फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलला केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तशीच मुलं वर्णन केली आणि त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं. म्हणजे आजीच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, पण आज आपल्याला माहिती आहे तर आजीच्या काळातला सल्ला धरून बसायचंही कारण नाही.

या मुलांमध्ये नेमकं काय होतं? वरचा ओठ बारीक पातळ, नाकाखाली ओठापर्यंत जी उभी पन्हळ असते ना, आरशात बघ, दोन बारीक कडा आणि मध्ये खोलगट भाग, ती या मुलांमध्ये सपाट होऊन गेलेली असते, आणि डोळ्यांच्या फटी आडव्या लांबीला कमी. डोकं लहान, वजन-उंची मागे. हे झालं पूर्ण चित्र असलेल्या मुलाचं. पण खरी अडचण अशी की बहुतेक मुलांचा चेहरा अगदी नॉर्मल असतो. चेहरा बिघडतो तो गर्भ राहिल्यापासूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच्या दारूने, तेवढा काळ सुटला की चेहरा छान येतो. मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने आणि नंतरही घडत असतो, त्यामुळे सहाव्या महिन्यातल्या दारूचा परिणाम चेहऱ्यावर न दिसता वागण्यात दिसतो. पोरगं एका जागी बसत नाही, काल पाठ केलेला पाढा आज कोरा, गणित अजिबात डोक्यात शिरत नाही, पैशाचा-वेळेचा हिशोब जमत नाही, रागावर ताबा नाही, एकदा चटका बसूनही परत तेच करतं. शाळा म्हणते आळशी आहे, घरचे म्हणतात लाडावलाय, आणि त्या मुलाला आयुष्यभर मार आणि टोमणे खावे लागतात एका अशा गोष्टीसाठी जी त्याच्या हातात कधीच नव्हती. मला या विषयात सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटत असेल तर याचं. यावर बरं करणारं औषध नाही. लवकर ओळखलं तर थेरपी, शाळेतली मदत, घरातली शिस्तशीर दिनचर्या याने खूप फरक पडतो, पण मुळात झालेलं नुकसान पुसता येत नाही. याशिवाय गर्भपात, वेळेआधी डिलिव्हरी, कमी वजन, पोटातच बाळ जाणं, यांचा धोका दारूने वाढतो तो वेगळाच.

म्हणूनच "मॅडम, सोनोग्राफी तर एकदम नॉर्मल आलीये, आता थोडी घेतली तर काय" या वाक्याला काही अर्थ नाही. अकरा ते चौदा आठवड्यांतली एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, कर, अठरा ते वीस आठवड्यांतली ॲनोमली स्कॅन कर, दोन्ही करायच्याच आहेत, हृदय, किडनी, मणका, हातपाय त्यात दिसतात. पण घर बांधून झाल्यावर बाहेरून रंग कितीही सुंदर दिसला तरी आतलं वायरिंग कसं केलंय ते दिसत नाही, तसंच आहे. सोनोग्राफीत मेंदूचा आकार दिसतो, तो पुढे शिकेल कसा ते नाही दिसत.

बरं, मग थोडीशी घेतली तर नक्की होतंच का? नाही होत प्रत्येकाला, आणि हे मी लपवणार नाही. २०१७ मध्ये जगभराची आकडेवारी एकत्र करून एक अंदाज आला, त्यात प्रेग्नन्सीत पिणाऱ्या साधारण ६७ जणींमागे एकीचं बाळ पूर्ण फीटल अल्कोहोल सिंड्रोमचं निघतं असं आलं. बाकीच्या ६६ मध्ये कमी-जास्त नुकसान झालेली मुलं वेगळी, ती यात धरलेली नाहीत. कुणाचं बाळ सुटेल आणि कुणाचं नाही हे आईच्या वयावर, जेवणावर, जनुकांवर, किती आणि कुठल्या आठवड्यात घेतली त्यावर, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. एका बैठकीत जास्त पिणं सगळ्यात घातक, एवढं नक्की, कारण रक्तातली पातळी एकदम वर जाते. पण खालची सेफ रेषा कुठे आहे ते कुणालाच सापडलेलं नाही. गरोदर बायकांना मोजून दारू पाजायची आणि मुलं कशी निघतात बघायचं असा प्रयोग कुणी करू शकत नाही आणि करूही नये, त्यामुळे सगळा अभ्यास बायकांनी स्वतः सांगितलेल्या आकड्यांवर चालतो आणि तिथे बायका कमी सांगतात हे उघड आहे. डेन्मार्कमधल्या २०१२ च्या अभ्यासात आठवड्याला थोडी घेणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या मुलांमध्ये ठळक फरक दिसला नाही, पेपरवाल्यांनी त्याच्या "थोडी चालते" अशा बातम्या केल्या, पण ज्यांनी अभ्यास केला त्यांनी स्वतःच शेवटी सल्ला दिला की घेऊ नका. पाच वर्षांच्या मुलाचं गणित आणि स्वभाव कुठे पूर्ण दिसतो गं? आणि आठवड्याला एक ग्लास वाईन घेणारी तिकडची बाई बहुतेक वेळा शिकलेली, खाऊन-पिऊन सुखी घरातली असते, तिच्या मुलाला बाकीच्या सगळ्या गोष्टी भरपूर मिळतात, त्यात दारूचा बारीक परिणाम झाकला जातो.

तुझ्या नणंदेचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. इंग्लंडमध्ये २००८ ची जी सरकारी मार्गदर्शक सूचना होती तिच्यात पहिले तीन महिने टाळा आणि त्यानंतर घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा, एक-दोन युनिटपेक्षा जास्त नको (तिकडचं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल), असं होतं. पण २०१६ मध्ये तिथल्याच चीफ मेडिकल ऑफिसर्सनी ते बदललं आणि अजिबात न घेणं हेच सेफ असं स्पष्ट सांगितलं. अमेरिकेत तर १९८१ पासून हेच सांगतात, फ्रान्स, म्हणजे वाईनचं माहेरघर, तिथे २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईचं चित्र आणि त्यावर काट मारलेली असते. नणंदबाईंना प्रेमाने हे कळव, कदाचित त्यांनी त्यांच्या वेळेला जुनंच ऐकलं असेल, त्यांच्याशी भांडू नकोस आणि त्यांना घाबरवूही नकोस.

आता एक गोष्ट जी पुस्तकात नसते पण माझ्या ओपीडीत रोज असते. आपल्याकडे पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं असतं. आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत पार्ट्या, लग्नं, थर्टी फर्स्ट. जी मुलगी एरवी ग्रुपमध्ये एखादा ग्लास घेते तिने नाही म्हटलं की पहिला प्रश्न, "काय गं, गुड न्यूज का?" मग ती बिचारी बातमी फुटू नये म्हणून ग्लास हातात घेते आणि हातात आला की दोन घोट जातात. बाळाच्या सगळ्यात नाजूक आठवड्यांत! तर यावर माझं सरळ सांगणं, खोटं बोल. ॲसिडिटीची गोळी चालू आहे म्हण, अँटिबायोटिकचा कोर्स आहे म्हण, उद्या ब्लड टेस्ट आहे म्हण, उपास आहे म्हण, आज गाडी मी चालवणारे म्हण. हातात ग्लास पाहिजेच असेल तर कोकम सरबत नाहीतर लिंबू सोडा घे. आणि यात नवऱ्याने पुढे व्हायला पाहिजे, "तिला नको, मी सांगतो ना" हे एक वाक्य त्याने बोललं की विषय संपतो. खरं तर नवऱ्याने या नऊ महिन्यांत स्वतःही बंद ठेवावी असं मी प्रत्येक जोडप्याला सांगते, घरात बाटली उघडी आणि बायकोने मन मारायचं, हे बरं नाही. मूल हवंय आणि प्रयत्न चालू आहेत अशा पुरुषांसाठी तर अजून महत्त्वाचं, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि जास्त पिण्याने त्यांची संख्या आणि दर्जा दोन्ही घसरतो.

नॉन अल्कोहोलिक बिअर-वाईनबद्दल पण विचारतात. त्यावर शून्य टक्के असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते, लेबल वाचा, आणि मी तर म्हणेन नऊ महिने ती चवच नको, नंतर आहेच की.

आता घरातल्या बाटल्या. दारूला जन्मात हात न लावलेल्या घरात पण ही भानगड असते म्हणून सांगते. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं, द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट वगैरे, ही आंबवून बनवतात आणि त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, पाच ते बारा टक्क्यांपर्यंत. वीस मिलीच्या डोसात ते थोडंसंच जातं, चुकून दोन-चार दिवस घेतलं गेलं असेल तर घाबरायचं काही नाही, पण शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून गरोदरपणात ही बाटली आणून स्वतःच्या मनाने चालू करायची नाही. वैद्यांना मी गरोदर आहे हे आधी सांगायचं, चांगला वैद्य स्वतःच दुसरं काहीतरी देतो. काही खोकल्याच्या सिरपमध्ये पण अल्कोहोल असतं, केमिस्टला विचारून घे. सर्दीला चमचाभर ब्रँडी, हा प्रकार तर बंदच. छातीला चोळण्यापुरती ठीक आहे असं म्हणत म्हणत ती पोटात जाते.

आणि हे उत्तर वाचणाऱ्यांत अशीही कुणी असेल जिला रोज लागते. आपल्या देशात बायकांमध्ये दारूचं प्रमाण कमी दिसतं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये १.३ टक्के आलं, पुरुषांमध्ये १८.८. पण सासू शेजारी बसलेली असताना कोण खरं सांगणार? म्हणून मी काय करते, वजनकाट्याच्या खोलीत पेशंटला एकटीला नेते, सासूबाईंना बाहेर बसवते, आणि मग जेवण, झोप, तंबाखू-मिश्री असं विचारत विचारत अगदी सहज आवाजात विचारते, बिअर, वाईन, दारू, मोहाची, कधी घेणं होतं का, शेवटची कधी झाली. अशा वेळी पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातली बाई आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली बाई सारख्याच मोकळेपणाने सांगतात. न रागावता विचारलं की सांगतात. म्हणून माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना पण विनंती आहे, प्रत्येकीला विचारा, कपडे बघून ठरवू नका.

रोज पिणारीने मात्र एकदम, घरच्या घरी बंद करायची नाही. हे उलटं वाटेल पण फार महत्त्वाचं आहे. शरीराला सवय झालेली असताना अचानक बंद केली तर हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं आणि गरोदरपणात फिट म्हणजे आई आणि बाळ दोघांना धोका. अशा बाईला ॲडमिट करून, औषधांच्या आधाराने, व्हिटॅमिन बी-१ देऊन काही दिवसांत सुरक्षितपणे सोडवता येते. जिल्हा रुग्णालयात जा, मानसोपचार विभागात दाखवा, किंवा सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाईन १४४४६ आहे, मानसिक आधारासाठी टेली मानस १४४१६ आहे. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही सांगता येतं. पाचव्या महिन्यात सोडली तरी फायदा होतो, सातव्यात सोडली तरी होतो, "आता इतकी झालीच आहे तर काय" असा विचार करू नका, मेंदूची वाढ चालूच असते त्यामुळे सोडलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो.

डिलिव्हरीनंतरचं पण विचारून ठेवलंयस म्हणून लिहिते. आईच्या रक्तात जेवढी दारू तेवढीच दुधात. बिअरने दूध वाढतं हे खोटं, उलट दूध उतरायला जे ऑक्सिटोसिन लागतं ते दारूने कमी होतं. पहिले तीन-चार महिने तरी नकोच, त्यानंतर कधी एखादा ग्लास घेतलाच तर बाळाला आधी पाजून मग घ्यायचा आणि निदान दोन तास, शक्यतो तीन, पाजायचं नाही. पिळून टाकलं की दुधातली दारू लवकर जाते असं नसतं, रक्तातली उतरली की दुधातली आपोआप उतरते. आणि घेतलेल्या अवस्थेत बाळाला कुशीत घेऊन झोपायचं नाही, नवऱ्यानेही नाही, त्यात बाळ गुदमरायचा धोका असतो.

राहिलं डोहाळजेवण. वायनरीत कर की, जागा सुंदर असते, पाठीमागे डॅमचं पाणी, फोटो छान येतील. फक्त सातवा महिना म्हणजे बहुतेक वेळ बसून काढ, भर उन्हाची वेळ टाळ, बाथरूम जवळ आहे ना ते आधी बघून ये. टोस्टच्या वेळी तुझ्या ग्लासात ताज्या द्राक्षांचा रस असू दे, शुगर टेस्टमध्ये काही आलं असेल तर तोही नको, सोलकढी घे. आणि पुढच्या व्हिजिटला येताना घरात चालू असलेली सगळी औषधं, सिरप, काढे, गोळ्या एका पिशवीत भरून तुझ्या डॉक्टरांकडे घेऊन जा, त्यातलं काय ठेवायचं आणि काय बंद करायचं ते त्यांच्याकडून एकदा बघून घे.